हुशार आहे, पण बसत नाही

पुण्यातल्या मराठी शाळांची जुनी प्रगतिपुस्तकं कुणाच्या माळ्यावर सापडली, तर शेऱ्याच्या रकान्यात एक वाक्य हमखास भेटतं: ‘हुशार आहे, पण लक्ष नाही.’ कधी ‘एका जागी बसत नाही’, कधी ‘बडबड फार’, कधी नुसतंच ‘चंचल’. शेरा लिहून गुरुजी मोकळे होत, सही करून वडील मुलाकडे वळत आणि पुढे काय होई ते सांगायला नको. आज तसाच मुलगा बालविकासतज्ज्ञाकडे जातो. आईवडील एक फॉर्म भरतात, वर्गशिक्षिका दुसरा, आणि दोन-तीन भेटींनंतर कागदावर ‘एडीएचडी’ (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) ही चार अक्षरं येतात. शेऱ्यापासून निदानापर्यंतचा हा प्रवास शंभर-सव्वाशे वर्षांचा. त्यातला बराचसा लंडन, बर्लिन आणि अमेरिकेत झाला. पण पुण्यापुरतं पाहिलं तर एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. हे मूल इथल्या वैद्यकात आणि शिक्षणात पुढच्या दाराने कधी आलंच नाही. दर वेळी ते दुसऱ्या कुणाच्या तरी निमित्ताने आत आलं: कधी ज्यांना मतिमंद म्हणत त्या मुलांच्या, कधी प्रज्ञावंतांच्या, कधी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या, तर कधी डिस्लेक्सियाच्या.

पेशवाईच्या अखेरीस पुण्यात मुलं शिकत ती पंतोजींच्या शाळेत. मुलं म्हणजे मुलगेच, तेही ठरावीक जातींचे. मुलींना आणि दलितांना दार उघडायला १८४८ साल आणि जोतीराव-सावित्रीबाई उजाडावे लागले. शाळा म्हणजे कुणाच्या वाड्याची ओसरी, नाहीतर देवळाचा सभामंडप. धूळपाटीवर अक्षर गिरवायचं, मोडी वळवायची, पावकी-निमकी मोठ्याने घोकायची. सहा वर्षांचा आणि बारा वर्षांचा एकाच ओसरीवर, ज्याचा धडा त्याच्यापुरता. मोठा मुलगा धाकट्याकडून पाठ करून घेई. सगळी शाळा एका सुरात ओरडत, डोलत शिके. शिक्षा भयंकर असत. छडी, अंगठे धरणं, कोंबडा होणं हे तर रोजचं. तेव्हा वळवळ्या पोराचे त्या काळी लाड होत होते, असं समजायचं कारण नाही. पण त्याला तीन तास मुकाट बसून कागदावर काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. अक्षरओळख झाली, हिशेब आला की शेत, दुकान, भिक्षुकी, कारकुनी. जो तो आपल्या वाटेला लागे.

ही घडी मोडली ती परीक्षेने. १८५९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली आणि सरकारी नोकरी, वकिली, डॉक्टरी या सगळ्यांची वाट त्या एका लेखी परीक्षेतून जाऊ लागली. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ मध्ये मुलींसाठी हुजूरपागा. बाकं आली, इयत्ता आल्या, तासांची घंटा आली. एका वयाची पन्नास-साठ मुलं एकाच फळ्याकडे बघत एकाच वेगाने शिकू लागली, आणि ज्याला एका जागी बसवत नाही त्याच्या बसू न शकण्याला पहिल्यांदा किंमत आली. यावरून ‘हा आजार शाळेनेच निर्माण केला’ असा निष्कर्ष काही जण काढतात. तो मला पटत नाही. असं मूल शाळेबाहेरही जास्त वेळा पडतं, रस्ता न बघता धावतं, खेळात आपल्या पाळीसाठी थांबू शकत नाही म्हणून मित्र गमावतं. शाळेने ते घडवलं नाही, त्याला उघडं पाडलं.

युरोपात डॉक्टरांची नजर या मुलांकडे याआधीच वळली होती. १७९८ मध्ये, पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर असताना, अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश वैद्याने मनाच्या विकारांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात एक प्रकरण केवळ अवधानावर खर्च केलं. काही माणसांचं लक्ष जन्मापासूनच कुठे ठरत नाही, बारीकसा आवाजही त्यांना विचलित करतो, हे त्याने नोंदवून ठेवलं. पण आजच्या निदानाची सुरुवात साधारणपणे १९०२ पासून धरतात. त्या वर्षी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या बालरोगतज्ज्ञाने तीन व्याख्यानं दिली. पुणे तेव्हा प्लेगच्या फेऱ्यांनी हैराण होतं. असल्या विषयाकडे बघायला इथे कुणाला उसंत नव्हती. स्टिलने आपल्याकडे आलेल्या ४३ मुलांची हकिकत मांडली. ही मुलं आवरत नाहीत, शिक्षा केली तरी काही तासांत तेच करतात, आणि यांतली कित्येक बुद्धीने अगदी ठीक आहेत. मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा बरंच जास्त. स्टिलने याला ‘नैतिक नियंत्रणातला दोष’ म्हटलं. त्याच्या मनात शरीरातलाच काही बिघाड होता, आईबापांचं चुकलं असं तो म्हणत नव्हता. पण ऐकणाऱ्यांनी ‘नैतिक’ तेवढं उचललं, आणि मुलाच्या स्वभावावर ठपका ठेवण्याची जी जुनी सवय होती तिला विज्ञानाचा शिक्का मिळाला.

मग आली साथ. १९१७ पासून दहा-अकरा वर्षं जगभर एका विचित्र मेंदूज्वराने थैमान घातलं. वाचलेली मोठी माणसं दगडासारखी थिजली. वाचलेली लहान मुलं उलट सुटली, म्हणजे अस्वस्थ, उतावळी, हाताबाहेर. आजारापूर्वी शहाणंसुरतं असलेलं मूल आजारानंतर असं होतं, हे डोळ्यांदेखत दिसलं तेव्हा ‘वळण नाही’ हे स्पष्टीकरण अपुरं ठरलं. मेंदूत काहीतरी होतं, हे मान्य करावं लागलं. १९३२ मध्ये बर्लिनच्या फ्रान्झ क्रामर आणि हान्स पोलनाव यांनी या साथीशी संबंध नसलेल्या अतिचंचल मुलांचं जे वर्णन केलं, ते आजच्या डॉक्टरला वाचायला दिलं तर तो तारीख विचारणार नाही. दोघेही ज्यू वंशाचे. क्रामर हॉलंडला निसटला. पोलनाव फ्रान्समध्ये पकडला गेला आणि १९४३ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत मारला गेला. त्यांचं काम पुढे कित्येक वर्षं कुणी उघडूनही पाहिलं नाही.

औषधाचा शोध मात्र शुद्ध अपघात होता. मेंदूज्वराने कायमची अपंग झालेली एमा नावाची मुलगी. तिच्या नावाने तिच्या आईवडिलांनी ठेवलेल्या पैशातून अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात मुलांचं एक रुग्णालय उभं राहिलं. चार्ल्स ब्रॅडली हा त्यांचाच नातेवाईक तिथे डॉक्टर होता. मेंदूचा एक्स-रे स्पष्ट यावा म्हणून तेव्हा पाठीच्या मणक्यातून द्रव काढून हवा भरत, आणि मुलांचं डोकं भयंकर दुखे. त्या डोकेदुखीवर उतारा म्हणून ब्रॅडलीने बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखी काही फारशी थांबली नाही, पण शिक्षकांनी येऊन सांगितलं की मुलं अचानक अभ्यासाला लागली आहेत. १९३७ मध्ये त्याने ३० मुलांवरचा अहवाल छापला. त्यांपैकी १४ मुलांच्या शाळेच्या कामात डोळ्यांत भरण्याजोगा फरक पडला होता. मुलांनीच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणायला सुरुवात केली. उत्तेजक देऊन चंचल मूल शांत होतं, हे इतकं उलटं वाटे की पंचवीसेक वर्षं त्याकडे फारसं कुणी वळलं नाही. आता कारण बऱ्यापैकी कळलं आहे: मेंदूच्या पुढच्या भागात, म्हणजे थांब-बघ-विचार कर असं सांगणाऱ्या भागात, डोपामीनचा पुरवठा या औषधांनी सुधारतो. थकलेला पहारेकरी जागा होतो, एवढंच. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिअँड्रो पॅनिझॉनने मिथाइलफेनिडेट तयार केलं आणि बायकोच्या ‘रिटा’ या लाडक्या नावावरून त्याचं नाव ‘रिटालिन’ झालं.

इकडे महाराष्ट्रात ही बातमी कशी पोचत होती? पहिला धागा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे हेडमास्तर प्रल्हाद केशव अत्रे अध्यापनाच्या पदविकेसाठी लंडनला गेले आणि १९२८ मध्ये ती मिळवून परतले. नाटककार आणि संपादक अत्रे सगळ्यांना माहीत आहेत. ते तिथे सिरिल बर्ट यांच्याकडे प्रायोगिक मानसशास्त्र शिकले, हे फारसं कुणी सांगत नाही. बर्ट हे लंडनच्या शाळांचे सरकारी मानसशास्त्रज्ञ. १९२५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दाखवलं होतं की वाईट वागणाऱ्या मुलामागे एक कारण कधीच नसतं. शरीर, स्वभाव, घर, गल्ली अशा अनेक कारणांचा गुंता असतो. (बुद्धीच्या आनुवंशिकतेबद्दलची बर्ट यांची आकडेवारी बनावट असल्याचा गवगवा त्यांच्या मृत्यूनंतर झाला. गुंत्याचा मुद्दा मात्र टिकला.) अत्र्यांनी पुढे ‘नवयुग वाचनमाला’ काढली. मुलाचं लक्ष नाही याचं एक कारण धडा रटाळ आहे हेही असू शकतं, हा विचार त्या रंगीत, गमतीदार पुस्तकांमध्ये होताच. आज आपण एडीएचडीचं निदान करताना हाच प्रश्न आधी विचारायला हवा, आणि तो पुष्कळदा विचारला जात नाही.

दुसरा धागा ताराबाई मोडकांचा. १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी नूतन बालशिक्षण संघाचं काम सुरू केलं, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार, १९४५ मध्ये बोर्डी आणि नंतर अनुताई वाघांच्या साथीने कोसबाड. या कामामागच्या माँटेसरी पद्धतीचं म्हणणं असं, की मुलाला हिंडू-फिरू द्या, हाताला योग्य साधन द्या, मग तेच मूल तासन्‌तास एका कामात रमतं. ताराबाईंनी ते तत्त्व महाग लाकडी साधनांतून सोडवून आदिवासी पाड्यावर नेलं. बिया, शिंपले, पानं हीच साधनं, वर्ग अंगणात. चुळबुळ हा तिथे गुन्हा नव्हता. अतिचंचल मुलासाठी वर्गात काय करावं याच्या आजच्या सूचना पाहिल्या – लहान लहान कामं द्या, मधून उठू द्या, हाताने करायला द्या – तर बोर्डीच्या अंगणात त्या आधीच पाळल्या जात होत्या. एवढंच, की बालवाडी संपून पहिलीत गेलं की अंगण संपे.

तिसरा धागा मोजमापाचा. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडात कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर बिनेची बुद्धिचाचणी बसवली. त्यांचं पुस्तक १९४० मध्ये आलं. बिने-कामत चाचणी अजूनही आपल्याकडच्या दवाखान्यांत वापरली जाते. तिच्यात ऐकलेले आकडे परत म्हणण्याचे, उलटे म्हणण्याचे प्रश्न असतात. मुलाची आकलनशक्ती उत्तम आणि आकडे मात्र मधेच निसटतात, हे त्यातून हाताशी आलं. मुंबईत १९३७ मध्ये, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. पुण्यात १९५० मध्ये विद्यापीठाचा प्रायोगिक मानसशास्त्र विभाग सुरू झाला, वि. के. कोठुरकर त्याचे प्रमुख. म्हणजे मोजायची हत्यारं हातात होती. पण मोजायचं काय, तर बुद्धी. साठच्या दशकात पुण्यात दोन संस्था उभ्या राहिल्या त्याही बुद्ध्यंकाच्या दोन टोकांना. १९६२ मध्ये अप्पा पेंडसे यांची ज्ञानप्रबोधिनी, प्रज्ञावान मुलांसाठी; १९६४ मध्ये सिंधूताई जोशींची कामायनी, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी. दोन्हींचं काम मोठं आणि आपापल्या जागी नवं. पण मधलं मूल, बुद्धी ठीक पण लगाम नाही असं, या दोन्ही दारांत बसत नव्हतं. ‘मंद आहे का?’ नाही. ‘मग आळशीच आहे.’ त्या काळच्या पुणेरी घरात तर्क असा चाले, आणि त्यात वाईट मनाचं कुणीच नसे.

गंमत अशी, की याच पुण्याने असल्या मुलाला कथेत डोक्यावर घेतलं. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा. सायकलवर सुसाट, नाक खुपसल्याशिवाय न राहणारा, संकटात आधी उडी आणि मग विचार. फास्टर फेणेला निदान चिकटवणं हा वाङ्मयीन वेडेपणा होईल आणि तो मला करायचा नाही. पण पुस्तकातला असा मुलगा सगळ्या घराला हवा असे. आपल्या घरातला नको असे.

परदेशात या काळात नावं भराभर बदलत होती. आधी ‘मेंदूला अल्पशी इजा’ म्हणत. इजा सापडेना, तेव्हा ‘मेंदूच्या कार्यात अल्पसा बिघाड’ म्हणू लागले. १९६८ च्या मनोविकारांच्या अमेरिकन यादीत ‘बालपणीची अतिचंचल प्रतिक्रिया’ आली. वळण दिलं ते माँट्रिअलच्या व्हर्जिनिया डग्लस यांनी. १९७२ मध्ये त्यांनी प्रयोगांच्या आधारे मांडलं, की मुळात दुखणं हालचालीचं नाही. लक्ष टिकवण्याचं आणि स्वतःला थोपवण्याचं आहे. हालचाल ही नुसती दिसते. १९८० मध्ये नवी यादी आली तेव्हा नावातच ‘अवधान’ पुढे आलं, आणि चंचलता नसलेला प्रकारही मान्य झाला. १९८७ पासून एडीएचडी हे नाव रूढ झालं.

चंचलता नसलेला प्रकार ही बारीक गोष्ट नाही. हुजूरपागेच्या किंवा कुठल्याही शाळेच्या शेवटच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगी कुणाला त्रास देत नव्हती, म्हणून तिच्याबद्दल तक्रार घरी जात नव्हती. वेंधळी, विसराळू, डबा विसरते, वही हरवते. तिची नोंद ‘सामान्य’ अशी व्हायची आणि दहावीनंतर स्थळं बघायला सुरुवात. मुलगे जास्त का सापडतात याचं एक उत्तर इथे आहे: सापडतात ते, जे दुसऱ्यांना त्रास देतात.

आता पुण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण. ते रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात घडलं, आणि त्याचा विषय चंचल मुलं हा नव्हताच. ऐंशीच्या दशकात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांमुळे पूर्वी दगावली असती अशी बाळं जगू लागली. बाळ जगलं हे कळत होतं. पुढे त्याचं काय होतं हे भारतात फारसं कुणी मोजलं नव्हतं. डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेली, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची, त्या विभागातून घरी गेलेली बाळं धरून ठेवली. धरून ठेवली म्हणजे वर्षानुवर्षं तपासायला परत बोलावत राहिले. ज्या देशात लसीच्या दुसऱ्या डोसाला आई येईल की नाही याची खात्री नसे, तिथे बारा वर्षांनी १८० मुलं आणि तुलनेसाठी पूर्ण दिवसांची, पूर्ण वजनाची ९० मुलं तपासणीच्या टेबलाशी आणून बसवणं हे काय काम आहे, ते सार्वजनिक आरोग्यात राबलेल्यांनाच कळेल. ‘पुणे लो बर्थ वेट स्टडी’ या नावाने ते जगात ओळखलं जातं. पुढे अठराव्या वर्षीही यांतल्या मुलांना पुन्हा तपासलं.

बाराव्या वर्षीचा निकाल २००४ मध्ये छापून आला. कमी वजनाच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ‘सामान्य’ कक्षेतच होता, पण सोबतच्या मुलांपेक्षा स्पष्टपणे कमी. सगळ्यात मागे पडली ती अपुऱ्या दिवसांची आणि त्या दिवसांच्या मानानेही वजनाने कमी भरलेली मुलं. डोळ्यांनी बघून हाताने उतरवणं, हालचालींतली सफाई, वाचन, गणित यांत अडचणी. म्हणजे ही मुलं मंद नव्हती; साध्या शाळेत जात होती, आणि तिथे रोज थोडी थोडी मागे राहत होती. लक्ष आणि चंचलता हा त्या अहवालाचा मुख्य मुद्दा नाही. तरी तो या गोष्टीत येतो, कारण याच सुमाराला, २००२ मध्ये, जगभरच्या अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज करून असं दिसलं होतं की अपुऱ्या दिवसांच्या मुलांना एडीएचडीचा धोका इतरांच्या अडीच पटीहून थोडा अधिक असतो. ‘हा असा का?’ याचं उत्तर पुण्यातल्या पालकांना संस्कारांत किंवा पूर्वजन्मात शोधण्याऐवजी जन्मवेळच्या कागदात शोधता येऊ लागलं, ते अशा कामामुळे. अपुरे दिवस हे अर्थातच एक कारण झालं. एडीएचडी असलेली बहुतेक मुलं पूर्ण दिवसांची असतात, आणि आनुवंशिकतेचा वाटा सगळ्यांत मोठा. मुलाचा फॉर्म भरता भरता बाप गप्प होतो आणि म्हणतो, ‘मीही असाच होतो’, हे या दवाखान्यांत नवं नाही.

पुढचं दार डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचनातल्या अडचणीचं. मुंबईत शीव रुग्णालयाच्या डॉक्टरांनी आणि पालकांच्या संघटनेने नव्वदच्या दशकात नेटाने पाठपुरावा केला आणि १९९६ पासून महाराष्ट्र सरकारने अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना सवलती द्यायला सुरुवात केली: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित. राज्य मंडळाचं मुख्यालय पुण्यात, आणि दहावीच्या गुणवत्ता यादीचा ध्यासही तेव्हा या शहराला जरा जास्तच. त्या शहराला हे मान्य व्हायला वेळ लागला. ‘सवलत म्हणजे लबाडी’ अशी कुजबुज स्टाफरूममध्ये आणि पालकसभेत, दोन्हीकडे असे. पण सवलतीसाठी प्रमाणपत्र, प्रमाणपत्रासाठी तपासणी, आणि तपासणीला बसलेल्या मुलांत एडीएचडीही आढळू लागली. शीवच्या डॉ. सुनील करंदे आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दोन्ही अडचणी एकत्र असलेल्या ५० मुलांचा अभ्यास छापला. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट आला. पाचगणीच्या शाळेतल्या ईशानने जे केलं ते शंभर परिपत्रकांना जमलं नसतं. मात्र ईशानची अडचण वाचनाची होती. थिएटरातून बाहेर पडणाऱ्या कित्येक पालकांनी ती आपल्या धावऱ्या मुलाला लावली आणि गोंधळ काही दिवस वाढलाच.

एव्हाना पुण्यात बालविकासतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांचे दवाखाने झाले होते. निदान कसं होतं? रक्त तपासून नाही, स्कॅन करून नाही. अशा मुलाचा मेंदू फोटोत वेगळा दिसत नाही. २००७ मधला एक अमेरिकन अभ्यास सांगतो की या मुलांच्या मेंदूचं बाहेरचं आवरण पक्व व्हायला सरासरी तीनेक वर्षं उशीर लागतो, पण ते गटात दिसतं, एका मुलात नाही. म्हणून डॉक्टर हकिकत विचारतो. बारा वर्षांच्या आधीपासून आहे का? सहा महिन्यांहून जास्त आहे का? घरी आणि शाळेत दोन्हीकडे आहे का? घरी शांत आणि फक्त शाळेत दंगा, असं असेल तर शाळेत काय चाललं आहे ते आधी बघायचं. ऐकू नीट येतं का, झोप पुरी होते का, घरात काही घडलं आहे का, हेही. जगभरचे अभ्यास एकत्र केले तर शंभरातल्या पाचेक मुलांना हा त्रास निघतो. म्हणजे साठांच्या वर्गात तिघं. सगळ्या वर्गाचं लक्ष नसेल तर कारण दुसरीकडे शोधायचं.

औषधाबद्दल पुण्यात दोन तट पडले आणि अजून आहेत. मुलाच्या मेंदूवर गोळ्या नकोत, हे म्हणणाऱ्यांत मूल समजून घ्या म्हणून वर्षानुवर्षं तळमळीने सांगणारे शिक्षक आणि पालक आहेत. ‘पालकनीती’सारखं मासिक १९८७ पासून चालवणाऱ्या शहरात हे स्वाभाविकच. दुसरीकडे, औषधाने पहिल्यांदा एक धडा सलग वाचलेलं मूल पाहिलेले पालक. १९९९ मध्ये ५७९ मुलांवरचा मोठा अमेरिकन प्रयोग प्रसिद्ध झाला. चौदा महिन्यांच्या अखेरीस काळजीपूर्वक दिलेलं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा मूळ लक्षणांवर सरस ठरलं. पण तीन वर्षांनी तीच मुलं पाहिली तेव्हा तो फरक विरला होता. दोन्ही तटांना आपापल्या सोयीचं अर्धं त्यात मिळतं. माझ्या मते खरी अडचण तिसरीच: पालकांना वागणुकीचं प्रशिक्षण आणि वर्गात बदल हे करायला माणसं लागतात, वेळ लागतो, चिठ्ठी लिहायला पाच मिनिटं. तरी आपल्याकडे अमेरिकेसारखा गोळ्यांचा पूर आला नाही, याला कायदाही कारण आहे. मिथाइलफेनिडेट हे शेड्यूल एक्समधलं औषध. दुकानाला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठीची एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. गल्लीतल्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही.

सरकारी कागदांवर या मुलांची नोंद उशिरा झाली. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि त्याच्या १७व्या कलमाने शाळेतला मार आणि मानसिक छळ बेकायदा ठरवला. चंचल मुलाचं नाव त्यात कुठे नाही, पण छडी सगळ्यांत जास्त त्यानेच खाल्ली होती, तेव्हा फायदाही सगळ्यांत जास्त त्याचाच. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उद्घाटन झालं. शाळा-अंगणवाड्यांत ज्या तीस गोष्टी तपासायच्या त्यांत एडीएचडी आहे. २०१८ मध्ये देशातल्या पाच ठिकाणांचा, त्यांत उत्तर गोव्याचा, ३९६४ मुलांचा अभ्यास आला. वाढीतल्या अडचणी मोजताना एडीएचडी त्यातही धरली होती, सहा ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये.

आणि तरी मुख्य दार बंदच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. ऑटिझम त्यात आहे, बौद्धिक अपंगत्व आहे. अध्ययन-अक्षमतेच्या व्याख्येत वाचनाची, लेखनाची, गणिताची अडचण नावानिशी घातली आहे. एडीएचडी नाही. त्यामुळे पुण्यातल्या एखाद्या मुलाला चंचलतेबरोबर डिस्लेक्सियाही असेल, तर त्या डिस्लेक्सियाच्या प्रमाणपत्रावर त्याला दहावीला जादा वेळ मिळतो. नुसतीच एडीएचडी असेल, तर या कायद्याच्या यादीत त्याच्यासाठी ओळ नाही. मग वर्गशिक्षिका त्याला पहिल्या बाकावर बसवते की नाही, मधून वह्या वाटायला उठवते की नाही, यावर त्याचं वर्ष अवलंबून राहतं.